दोघांचा बेत : इटलीतील आगगाडीचा प्रवास

प्रवासाचा बेत एकट्याने आखणे सोपे असते. तेथे वाद घालावयास दुसरा कोणी नसतो. कुटुंबासह आखणेही फारसे अवघड नाही. बहुधा घरातील एकाचे चालते आणि बाकीचे मागोमाग जातात. खरी कसोटी लागते ती दोन मित्रांनी बरोबरीच्या नात्याने परदेश पाहावयाचे ठरविले म्हणजे. खर्च सारखा, हक्क सारखा, आणि आवडी मात्र निराळ्या. वीस वर्षांचा स्नेह परक्या देशातल्या एखाद्या फलाटावर बारा दिवसांत आंबून जावा, अशी उदाहरणे थोडी नाहीत. आणि शोध घेतला तर त्यांचे मूळ प्रवासात नसून बेत आखताना न बोललेल्या गोष्टींत सापडते.

असे धरावे की, बेळगावातील दोन मित्र बारा रात्रींसाठी इटलीस निघाले आहेत आणि तेथील सारा प्रवास आगगाडीने करावयाचा आहे. एक जण शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला. दुसऱ्याच्या घराण्यात दोन पिढ्या पलटणीची नोकरी झालेली. दोघे कागद घेऊन बसले की पहिल्या अर्ध्या तासात जी यादी तयार होते ती साधारण अशी : मिलान, वेरोना, व्हेनिस, बोलोन्या, फ्लॉरेन्स, पीसा, सिएना, रोम आणि नेपल्स. नऊ शहरे व बारा रात्री. कागदावर हे अगदी सुरेख दिसते.

ही यादी फुगते याला इटलीचा इतिहास कारण आहे. हा देश एका राजधानीभोवती वाढलेला नाही. इटलीचे राज्य १८६१ साली स्थापन झाले आणि रोम त्यात १८७० साली आले. त्यापूर्वी शतकानुशतके व्हेनिस, फ्लॉरेन्स, मिलान व नेपल्स ही आपापल्या राज्यांची मुख्य शहरे होती. प्रत्येकाने आपले मंदिर, आपला राजवाडा, आपले चित्रकार स्वतंत्रपणे जोपासले. म्हणून तेथे एक शहर पाहिले म्हणजे दुसरे पाहिल्यासारखे होत नाही, आणि कोणते गाळावे हा प्रश्न प्रत्येक पाहुण्यापुढे उभा राहतो.

आगगाडीने हा प्रश्न सोडविला असे वाटते खरे. इटलीच्या भूमीवर पहिली आगगाडी १८३९ साली नेपल्सपासून पोर्तिचीपर्यंत धावली. बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली उतारूगाडी निघाली त्याच्या चौदा वर्षे आधी. पुढे निरनिराळ्या राज्यांनी व कंपन्यांनी रूळ घातले आणि १९०५ साली सरकारी रेल्वेची स्थापना झाली. मोठा अडथळा होता तो ॲपेनाइन्स पर्वताचा. १८६४ साली पर्वत चढून उतरणारा वळणावळणाचा मार्ग खुला झाला. १९३४ साली साडेअठरा किलोमीटर लांबीचा बोगदा खोदून दुसरा. आणि २००९ साली जलद गाड्यांचा तिसरा, जो बहुतेक सारा बोगद्यांतूनच जातो. बोलोन्याहून फ्लॉरेन्सला जावयास आता चाळीस मिनिटांच्या आसपास लागतात. मिलानहून रोमला जलद गाडी सुमारे तीन तासांत पोहोचते. अशा स्थितीत नऊ शहरे का पाहू नयेत, असे कोणासही वाटेल.

हिशेब चुकतो तो येथे. वेळापत्रक गाडीचा वेळ सांगते, माणसाचा सांगत नाही. सकाळी सामान आवरणे, खोली सोडणे, स्टेशन गाठणे, फलाट शोधणे, नव्या गावी उतरून मुक्काम हुडकणे, आणि खोली दुपारपर्यंत मिळत नाही म्हणून सामान कोठे तरी ठेवणे, या सर्वांत गाडी दोन तासांची असली तरी अर्धा दिवस जातो. नऊ मुक्काम म्हणजे आठ स्थलांतरे, आणि आठ स्थलांतरे म्हणजे चार दिवस. बारांतील चार दिवस बॅगा उचलण्यात गेले, तर उरलेल्या आठांत नऊ शहरे बसत नाहीत. मुक्काम पाचच ठेवले, तर स्थलांतरे चार होतात व दोन दिवस वाचतात. हे दोन दिवस कोणतीही जलद गाडी मिळवून देऊ शकत नाही.

तेव्हा गाळणे आले. आणि दोघांच्या बेतात गाळणे हीच नाजूक गोष्ट आहे. जर्मन कवी गटे १७८६ सालच्या सप्टेंबरात इटलीस निघाला, तेव्हा रोमची ओढ त्याला इतकी होती की फ्लॉरेन्स शहरात त्याने जेमतेम तीन तास काढले. त्याला हे साधले, कारण तो एकटा होता आणि टोपणनावाने प्रवास करीत होता. पुढे १७८७ साली त्याने सिसिलीस जाण्यासाठी क्नीप नावाचा चित्रकार सोबत घेतला, तेव्हा मात्र आधी करार केला. क्नीपने वाटेत चित्रे रेखाटावीत, गटेने खर्च सोसावा, आणि चित्रे गटेची व्हावीत. मैत्रीत करार कसला, असे म्हणणाऱ्यांनी हा दाखला ध्यानात ठेवावा. कोणाला काय हवे हे निघण्यापूर्वी ठरले होते, म्हणून वाटेत त्यावर घासाघीस करण्याची वेळ आली नाही.

बेळगावच्या त्या दोघांनीही असेच करावे. प्रत्येकाने वेगळ्या कागदावर, दुसऱ्यास न दाखविता, ज्यांवाचून प्रवास फुकट गेला असे वाटेल अशी तीनच नावे लिहावीत. चित्रकला शिक्षकाच्या कागदावर बहुधा येईल मिलानमधील लिओनार्दोचे ‘अंतिम भोजन’, फ्लॉरेन्समधील उफीत्सी चित्रसंग्रहालय, आणि पॉम्पेई. दुसऱ्याच्या कागदावर कदाचित व्हेनिस असेल. पण उरलेली दोन नावे पाहून पहिला चकित होईल. ती नावे असतील सेनिओ नदी आणि कासिनो.

ही नावे प्रवासी मार्गदर्शिकांच्या पहिल्या पानांवर सापडत नाहीत. बेळगावात मात्र ती परकी नाहीत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र याच शहरात आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात या पलटणीच्या तुकड्या इटलीत लढल्या. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील बहुतेक जवान मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटेच शत्रूच्या मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले. मोर्चा त्यांनी जिंकला आणि तेथेच ते पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून माघारी आणले, मग पुन्हा जाऊन शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या, आणि काठावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत उरलेल्यांना पुढे बोलाविले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांचे नाव कासिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे, आणि मोन्तोने या डोंगरावरील गावात २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारण्यात आले.

“अरे, हे तू आजवर बोलला नाहीस!” असे पहिल्याने म्हटले, तर तो बेताचा मोठाच लाभ समजावा. एकत्र राहूनही माणसे एकमेकांच्या मनातील प्रवासाविषयी अजाण असतात. न दाखविता लिहिलेला कागद हे अज्ञान घरीच दूर करतो. नाहीतर ते रोमच्या स्टेशनावर उघडकीस येते आणि तेव्हा त्याचे रूप तक्रारीचे असते.

दोन कागदांवरून मार्ग आपोआप निघतो. मिलानला उतरावे आणि रोमहून परतावे, म्हणजे गेलेल्या वाटेने मागे यावे लागत नाही. मिलान एक रात्र, व्हेनिस दोन, बोलोन्या दोन, फ्लॉरेन्स तीन आणि रोम चार. वेरोना व सिएना गळाली. त्यांचे वाईट वाटेल, पण ते दोघांना सारखेच वाटेल, हे महत्त्वाचे.

मग वारांकडे पाहावे. ‘अंतिम भोजन’ आणि उफीत्सी ही दोन्ही सोमवारी बंद असतात. व्हॅटिकनची संग्रहालये, महिन्यातील शेवटचा रविवार सोडला, तर रविवारी बंद असतात. ‘अंतिम भोजना’साठी आगाऊ वेळ घ्यावी लागते आणि आत केवळ पंधरा मिनिटे मिळतात. मित्र रविवारी मिलानला उतरले आणि सोमवारी तेथून निघाले, तर ज्यासाठी आले ते पाहण्यावाचूनच जातील. मंगळवारी उतरले, तर बुधवारी सकाळी चित्र पाहून व्हेनिसची गाडी धरता येते, आणि फ्लॉरेन्समधला सोमवार मोकळा पडतो. तो तासाभराच्या अंतरावरील पीसास द्यावा. संध्याकाळी परत यावे. सामान हलत नाही, म्हणून पीसा गाळावे लागत नाही.

व्हेनिसचे तिकीट काढताना नाव नीट वाचावे. मेस्त्रे हे स्टेशन मुख्य भूमीवर आहे. पाण्यातील शहराचे स्टेशन सांता लुचिया. तेथवर गाडी १८४६ साली खुल्या झालेल्या पुलावरून खाडी ओलांडून जाते, आणि बाहेर पडताच पायऱ्यांखाली मोठा कालवा दिसतो. पुढे गल्लोगल्ली पुलांच्या पायऱ्या आहेत. प्रत्येकाने आपली बॅग स्वतः उचलता येईल एवढीच घ्यावी. दुसऱ्याची बॅग उचलण्याचा प्रसंग तिसऱ्या पुलावर मैत्रीस जड होतो.

बोलोन्यात दोन रात्री कशासाठी, असे विचारले जाईल. बोलोन्या हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. एक मार्ग व्हेनिसकडे, एक मिलानकडे, एक फ्लॉरेन्सकडे आणि एक समुद्राकाठच्या रिमिनीकडे फुटतो. या शेवटच्या मार्गावर फोर्ली हे गाव आहे, आणि तेथे भारतीय सैनिकांची युद्धस्मशानभूमी आहे. प्रादेशिक गाडी तेथे जाताना कास्तेल बोलोन्येझे आणि फाएन्त्सा या स्टेशनांच्या दरम्यान सेनिओ ओलांडते. नदी लहान आहे. खिडकीशी जागे नसले तर ती केव्हा गेली हे कळतही नाही. तिथे शिक्षकानेही खिडकीशी बसावे.

तिकिटांच्या दोन जाती ओळखल्या पाहिजेत. प्रादेशिक गाडीचे भाडे अंतरावर ठरलेले असते; जागा राखून ठेवीत नाहीत, म्हणून महिनाभर आधी काढण्यात लाभ नाही. मात्र कागदी तिकिटावर चढण्यापूर्वी स्टेशनावरील यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो. विसरल्यास दंड होतो. जलद गाडीचे तसे नाही. तिची जागा ठरलेली, आणि भाडे मागणीप्रमाणे चढते. लवकर घेतलेले तिकीट स्वस्त पडते, पण सर्वांत स्वस्त तिकीट बहुधा बदलता येत नाही, की त्याचे पैसे परत मिळत नाहीत. म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत असे तिकीट घेऊ नये. संपाची शक्यताही धरावी. तेथे संप आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत नेमलेल्या प्रादेशिक गाड्या चालविल्या जातात. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मात्र विमानाच्या शहरीच असावे. बेतात रोम शेवटी ठेवले आहे ते याचसाठी.

पैशाविषयी संकोच धरू नये. मुक्काम, तिकिटे आणि जेवण यांसाठी दोघांनी सारखी रक्कम एका पाकिटात ठेवावी. ज्याच्या त्याच्या आवडीचा खर्च ज्याच्या त्याच्या खिशातून व्हावा. रोजचा हिशेब रात्री मिटवावा. साठलेला हिशेब शेवटच्या दिवशी काढला, तर त्यात पैशांखेरीज आणखीही बरेच निघते.

राहता राहिले पॉम्पेई व कासिनो. दोन्ही रोमच्या दक्षिणेस आहेत आणि एका दिवसात दोन्ही नीट होत नाहीत. येथे बहुतेक बेत मोडतात; एक जण मन मारतो आणि ते मन पुढे बोलत राहते. उपाय सोपा आहे. रोममधील शुक्रवार वेगळा ठेवावा. सकाळी दोघांनी तेर्मिनी स्टेशनावर एकत्र चहा घ्यावा. एकाने जलद गाडीने नेपल्स गाठून, तेथून व्हेसुव्हियसच्या कडेने जाणाऱ्या लहान गाडीने, इ. स. ७९ मध्ये राखेखाली गडप झालेले पॉम्पेई पाहावे. दुसऱ्याने जुन्या मार्गावरील संथ प्रादेशिक गाडीने कासिनोला जावे. रात्रीच्या जेवणास पुन्हा एकत्र बसावे. बारा दिवसांत त्या एका रात्री दोघांनाही एकमेकांस सांगण्याजोगे असे काही असेल, जे दुसऱ्याने पाहिलेले नाही.

शनिवार मात्र कोणाच्याही नावे लिहू नये. तो रोमचा शेवटचा पूर्ण दिवस. दोघांपैकी कोणाचे पाय दुखत असतील, कोणाला एखादी गोष्ट दुसऱ्यांदा पाहावीशी वाटेल. वेळापत्रकातील ती कोरी ओळ घरून निघतानाच राखून ठेवावी. तिकडे गेल्यावर ती सापडत नाही.