विहिरीतली पाळी आणि फ्लॅटखालची जमीन



आपल्या भागात जमिनीची खरेदी होते, तेव्हा खरेदीपत्रात शेवटाकडे एक ओळ येते: सामाईक विहिरीत चार आणे हिस्सा आणि ठरल्याप्रमाणे पाण्याची पाळी. मजकूर वाचून दाखवला जात असताना घरातलं म्हातारं माणूस निम्मं ऐकत असतं, पण या ओळीला कान टवकारतं. क्षेत्र गुंठाभर कमी भरलं तर भागवून घेता येतं. विहिरीची ओळ राहिली तर ऊस वाळतो आणि पुढच्या दोन पिढ्या चिक्कोडीच्या कोर्टात हेलपाटे घालतात.

मी याच गावची. गेली अठ्ठावीस वर्षं पुण्यात हाउसिंग सोसायट्यांची वकिली करते. या वर्षांत एक गोष्ट मला सतत सलत आली आहे. विहिरीच्या ओळीला कान टवकारणाऱ्या याच माणसांची मुलं पुण्याला, बेंगळुरूला चाळीस-पन्नास लाखांचा फ्लॅट घेतात आणि इमारतीखालच्या जमिनीचा उतारा कुणाच्या नावावर आहे, हे विचारत नाहीत.

आपल्याकडे सोसायटी म्हटलं की पीककर्जाची सोसायटी डोळ्यांपुढे येते, आणि ते बरोबरच आहे. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळ गावात सिद्धनगौडा पाटलांनी पतसंस्था काढली. तेव्हा गदगही मुंबई इलाख्यात होतं आणि आपणही. १९१२च्या कायद्यानं कर्जाखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढायची वाट मोकळी केली. मग १९१५ साली मुंबईत गावदेवीला राव बहादूर श्रीपाद तालमकींच्या पुढाकारानं सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. शेतकऱ्याचं कर्ज आणि शहरातल्या कारकुनाचं घर, दोन्ही एकाच मुळातून आली आहेत.

वकिली सुरू केली तेव्हा मला वाटायचं, चेअरमन फी देतात म्हणजे ते माझे पक्षकार. एकदा एक चेअरमन म्हणाले, "मॅडम, सेक्रेटरीला नोटीस काढा." मी काढली. पुढच्या महिन्यात सेक्रेटरी चेअरमन झाले आणि त्यांनी मला पहिल्या चेअरमनना नोटीस काढायला सांगितली. त्या दिवशी मला माझा पक्षकार कळला. तो म्हणजे नोंदणी झालेली एक संस्था. ती फक्त ठरावातून बोलते. ठराव इतिवृत्तात नसेल, तर तिला वाचाच नाही. तेव्हापासून कुणीही आलं तरी मी आधी मिटिंगचं बुक मागते. यामुळे काही कामं हातची गेली. त्याचं मला वाईट वाटत नाही.

रोजचं काम थकबाकीचं. महाराष्ट्रात मेंटेनन्स थकला की निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. हत्यार फार धारदार आहे. म्हणून नोकरी गेलेल्या माणसाकडे दाखला घेऊन जाण्याआधी मी समितीला हप्ते बांधून द्यायला लावते. पण लिफ्टचं वीजबिल भरावंच लागतं, हेही त्या माणसाला सांगावं लागतं. विहिरीच्या मोटारीचा खर्च जसा सगळ्या हिस्सेदारांवर, तसंच हे.

सामाईक जागा विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयालाही सांगावं लागलं. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात बिल्डरचं म्हणणं होतं की खांबांमधलं पार्किंग म्हणजे गॅरेज आहे आणि ते वेगळं विकायचा हक्क माझा. २०१० साली न्यायालयानं ते फेटाळलं. त्यानंतरही पार्किंगच्या पावत्या फाडणारे बिल्डर मी पाहिले आहेत.

आता मूळ मुद्दा. महाराष्ट्राच्या १९६३च्या फ्लॅट मालकी कायद्याप्रमाणे, करारात दुसरी मुदत ठरली नसेल तर सोसायटीची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरनं जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची. पुष्कळ बिल्डर देत नाहीत, कारण जमीन नावावर राहिली की शिल्लक बांधकामाच्या हक्कावर दावा सांगत राहता येतं. म्हणून २००८ साली दुरुस्ती झाली आणि मानीव अभिहस्तांतरण आलं. लोक त्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात. बिल्डर सही करत नसेल, तर जिल्हा उपनिबंधक सुनावणी घेऊन प्रमाणपत्र देतात आणि दस्त नोंदवता येतो.

पुण्याच्या एका उपनगरात माझी चोवीस फ्लॅटची सोसायटी होती. बिल्डर वारला होता, मुलं एकमेकांवर बोट दाखवत होती. कागद गोळा करायलाच दीड वर्ष गेलं. प्रत्येक फ्लॅटचा करार, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र. तीन जणांचे मूळ करार बँकेत अडकलेले. शेवटी प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव चढलं आणि सेक्रेटरींनी ते नोटीस बोर्डावर लावलं. तळमजल्यावरच्या एक आजी ते बराच वेळ बघत उभ्या होत्या. "यात माझं नाव कुठं आहे गं?" त्यांनी विचारलं. मी त्यांना विहीर सांगितली. त्या वाळवा तालुक्यातल्या, लगेच समजल्या.

नाव चढलं म्हणजे इमारतीची जबाबदारीही आली. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या सर्फसाइडला २४ जून २०२१च्या रात्री बारा मजली इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसं गेली. इमारतीच्या काँक्रीटची दुरवस्था इंजिनिअरनं २०१८ सालीच लिहून दिली होती. दुरुस्तीचा खर्च कुणी किती द्यायचा, यात मालकांची वर्षं गेली. आपल्याकडे महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायला सांगितलं आहे. सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला की माणसं चहाला उठतात. मी त्यांना बसवते.

कर्नाटकात वाट वेगळी. इथं १९७२चा अपार्टमेंट मालकी कायदा आहे. बिल्डरनं घोषणापत्र नोंदवायचं आणि प्रत्येक फ्लॅटमालकाचा सामाईक जागेतला अविभक्त हिस्सा त्यात टक्क्यांनी लिहायचा. अगदी आपल्या चार आण्यांसारखा. पण बऱ्याच असोसिएशन १९६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवल्या गेल्या. तो कायदा मुळात क्लब, वाचनालयं, धर्मादाय संस्था यांच्यासाठी. कुठला कायदा लागू, यावर वाद उच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत. म्हणून बेंगळुरूला फ्लॅट घेतलेल्यांनी दोन कागद बघावेत: घोषणापत्र आणि असोसिएशनचा नोंदणी दाखला.

उद्या सकाळी मी गावातच आहे. ज्यांच्या मुलांनी फ्लॅट घेतला असेल, त्यांनी करार आणि इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदणीचा उतारा, घेऊन यावं. मुलांकडे नुसती पीडीएफ असली तरी चालेल, मोबाईलवर मागवून घ्या. जमिनीचा सर्व्हे नंबर मात्र नीट दिसायला हवा.