शाळेतील कला आणि आपले मंडळ

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली एक साधी गृहिणी आहे. व्यासपीठावर बोलायची मला सवय नाही. घरात चारचौघींशी बोलावे तशी बोलेन, ते गोड मानून घ्यावे. मला बोलायचे आहे ते आपल्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या म्युनिसिपालिटीच्या शाळेविषयी, आणि तेथील मुलांच्या चित्रकला-गायनाला आपण काय हातभार लावू शकतो याविषयी.

आपल्यातल्या पुष्कळजणी म्हणतील, ‘आमची मुले त्या शाळेत कुठे आहेत?’ खरे आहे. पण त्या शाळेत जाणारी मुले काही परक्या गावची नव्हेत. आपल्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईंची, कोपऱ्यावरच्या भाजीवालीची, आपल्या इमारतीच्या पहारेकऱ्याची ती मुले आहेत. आपल्या मुलाच्या हातात जरा कला दिसली की आपण लगेच क्लास लावतो, पेटी शिकवायला गुरुजी बोलावतो. त्या मुलांना मात्र शाळेत मिळेल तेवढेच. शाळेत मिळाले नाही, तर कोठेच मिळत नाही.

गेल्या वर्षी आपल्या रांगोळीच्या स्पर्धेत एक मुलगी दाराशी उभी राहून सारखी आत पाहत होती. कोणीतरी तिला आत घेऊन हातावर चिमूटभर रांगोळी ठेवली. तिने कोपऱ्यात पाटाएवढ्या जागेत मासे पकडायचे जाळे काढले. एकही ठिपका न मांडता! सगळी घरे सारख्या मापाची. ‘शाळेत शिकवतात का ग?’ असे विचारले, तर म्हणाली, ‘नाही, बाई. आजोबा जाळे विणतात, ते बघते.’ भगिनींनो, डोळा आहे, हात आहे. पण तो वाढवायचा कोणी?

आता कोणी म्हणेल, ही कामे सरकारची आहेत. तेही बरोबर आहे, आणि म्हणूनच कायदा काय सांगतो ते आपण बायकांनी नीट समजून घेतले पाहिजे. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात असे आहे की, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुले असतील, तर त्या शाळेला कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अर्धवेळ निदेशक हवेत. म्हणजे मोठ्या मुलांना कलेचा शिक्षक मिळणे ही कोणाची मेहेरबानी नाही, तो त्यांचा हक्क आहे. पण पहिली ते पाचवीसाठी मात्र कायद्यात असा वेगळा शिक्षक सांगितलेला नाही. तेथे वर्गाच्या बाईंनीच गणित शिकवायचे, मराठी शिकवायचे, आणि वेळ उरला तर चित्रही काढून घ्यायचे. वेळ किती उरतो, ते तुम्ही-आम्ही जाणतोच.

यावरून आपले काम आपोआप दोन भागांत पडते. जे हक्काचे आहे ते मागायचे, आणि जेथे कोणीच नाही तेथे आपण उभे राहायचे. या दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये. आपण सहावी-आठवीच्या वर्गावर फुकट जाऊन बसलो, तर उद्या वरचे लोक म्हणतील, ‘मंडळाच्या बायका येतात ना, मग शिक्षक कशाला?’ मदतीच्या नावाखाली मुलांचा हक्क बुडता कामा नये, आणि कोणा शिक्षकाची भाकरीही जाता कामा नये.

मागायचे कोणी, याचेही उत्तर त्याच कायद्यात आहे. अनुदान न घेणाऱ्या खाजगी शाळा सोडल्या, तर प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती लागते. तिच्यात शेकडा ७५ सभासद पालक असावे लागतात, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे आपल्या घरी भांडी घासणारी बाई त्या समितीत बसून ‘आमच्या मुलांना चित्रकलेचे शिक्षक द्या’ असे सांगू शकते. तिला अर्ज लिहायला आपल्यातल्या लिहित्या बायकांनी मदत करावी. सही मात्र तिची असावी, बोलणेही तिचेच असावे.

लोकांच्या आधाराने कला उभी राहते, हे काही मी नवीन सांगत नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्या काळी गाणे म्हणजे राजेरजवाड्यांच्या पदरचे. पंडितजींनी जलसे केले, देणग्या गोळा केल्या आणि सामान्य घरांतल्या मुलामुलींना गाणे खुले केले. १९०८ साली त्यांनी मुंबईस विद्यालय आणले. पुढे येथली इमारत मात्र कर्जापायी लिलावात गेली. टाळ्या पुष्कळ मिळाल्या तरी कर्ज फिटत नाही, एवढे त्यावरून समजावे. तरी काम बुडाले नाही. १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी मंडळ स्थापन केले, आणि त्या मंडळाच्या परीक्षांना आजही गावोगावची मुले बसतात.

नाटकाचेही तसेच. सुधाताई करमरकरांनी १९५९ साली मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने मुलांसाठी रंगभूमी उभी केली. ‘मधुमंजिरी’ हे त्यांचे पहिले नाटक रत्नाकर मतकरींचे होते. त्याच मतकरींनी पुढे उतारवयात, २०१४ साली, ठाण्यातल्या एका सामाजिक संस्थेच्या साथीने ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. झोपडवस्तीतल्या मुलांनी आपल्याच आयुष्यातल्या गोष्टी घेऊन नाटुकली बसवायची आणि रंगमंचावर करायची, अशी ती कल्पना. मतकरी २०२० साली गेले, पण त्यांनी घालून दिलेली वाट आपल्यापुढे आहे. लेखकाने लेखणी दिली, संस्थेने वस्तीतली ओळख दिली, आणि मुलांनी स्वतःची गोष्ट दिली. एकट्याने यातले काहीच झाले नसते.

तुम्ही म्हणाल, ती मोठी माणसे! आम्हांला काय येते? भगिनींनो, वारली चित्रे आज देशोदेशी पोचली आहेत. लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचे काम मुळात सवाष्णींचे. त्या काही कोणत्या कलाशाळेत शिकायला गेल्या नव्हत्या. पुढे जिव्या सोमा म्हशे यांनी ती कला कागदावर आणली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा स्वतःला अडाणी समजू नका. आपल्यातल्या कोणाला ठिपक्यांची रांगोळी येते, कोणाला कशिदा येतो, कोणाला भोंडल्याची सगळी गाणी तोंडपाठ आहेत. मंगळागौरीच्या खेळांत ताल आहे, ठेका आहे, अंगाची लवचीकता आहे. आपण ते घरकाम समजून बसलो. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी तेच शिक्षण आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगते. पहिले म्हणजे, आधी मुख्याध्यापिकाबाईंकडे जाऊन ‘तुम्हांला काय हवे?’ असे विचारावे. आपल्या मनाने वस्तू नेऊन देऊ नयेत. कपाटात तबल्याची जोडी पडून आहे आणि वाजवणारा नाही, असे होता उपयोगी नाही.

दुसरे, आठवड्यातून एक तास त्या सांगतील त्या वाराला तिसरी-चौथीच्या वर्गावर जावे. एका वेळी दोघींनी जावे आणि वर्गाच्या बाई तेथे असाव्यात. एकीला अडचण आली तर दुसरीने जावे, पण तास चुकवू नये. मूल वाट पाहते. वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाला जाऊन, हारतुरे घेऊन, मुलांबरोबर फोटो काढून येणे म्हणजे मदत नव्हे.

तिसरे, आठवी-नववीची जी मुले सरकारच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसू इच्छितात, त्यांना रंगपेटी, ब्रश, कंपासपेटी आणि सरावाचे कागद मंडळाने द्यावेत. लागेल तर फीही भरावी. पुष्कळ आईबाप म्हणतात, चित्रे काढून पोट भरते का? त्यांना सांगावे की इंटरमिजिएटला चांगली श्रेणी मिळाली, तर दहावीच्या परीक्षेत सात गुणांपर्यंत वाढ मिळते. मार्कांसाठी का होईना, मूल तेथवर पोचू द्या. रंगाची गोडी लागली की पुढचे ते आपले आपण पाहील.

चौथे, आपला हॉल दुपारी रिकामा असतो. ज्या मुलांच्या घरी पाय पसरायला जागा नाही, त्यांना तेथे बसून सराव करू द्यावा. सतरंजीवर रंग सांडला तर आपण धुऊ. इतकी वर्षे हळदीकुंकवाचे डाग धुतलेच आहेत.

पैशाचे म्हणाल, तर दिवाळीच्या फराळाच्या विक्रीतून जे उरते, त्यातला एक वाटा या कामासाठी बाजूला ठेवावा, आणि त्याचा हिशेब वार्षिक सभेत मांडावा. हिशेब चोख असला की माणसे पुढल्या वर्षीही देतात.

शेवटी एकच मागणे. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंना आज विचारा, तुमचे मूल कितवीत आहे आणि त्याला काय आवडते? इतकी वर्षे आपण त्यांना ‘उद्या लवकर याल का?’ एवढेच विचारत आलो. या नव्या प्रश्नाची उत्तरे घेऊन पुढच्या सोमवारच्या बैठकीला या. ज्यांना वर्गावर जायचे असेल, त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसबाईंच्या वहीत नावे लिहावीत. माझे नाव मी सर्वांत वर लिहून ठेवले आहे. त्याखाली पुष्कळ जागा आहे.