कुणाच्या ताटात किती बोट्या?



मला आरोग्यावर बोलायला सांगितलंय. मी डॉक्टर नाही, म्हणून आमच्या घरातल्या कढईबद्दल बोलतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचं हिमोग्लोबिन ९ निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, "घरी गोश्त शिजत नाही का?" अम्मी म्हणाली, "आठवड्यातून दोनदा शिजतं." खरंच होतं ते. पण त्या रात्री मी पहिल्यांदा सगळ्यांच्या ताटांकडे नीट पाहिलं. अब्बांना चार बोट्या, मला चार, बहिणीला एक आणि अम्मीच्या ताटात रस्सा-बटाटा. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. आमच्याकडे वाढायची रीतच तशी होती.

बहिणीला गाडीवरचं चायनीज आवडतं. अब्बांना रक्तदाब, त्यांना ते खारट खाणं चालत नाही. मग ठरवलं, नूडल्स घरीच करायच्या आणि मीच करायच्या.

बीफ म्हणजे आपल्याकडे म्हशीचं गोश्त. महाराष्ट्रात गोहत्याबंदी आधीपासून होती, २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्या कायद्यात आले. म्हशीचं गोश्त चालतं आणि बकऱ्याच्या मटणापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

चार जणांना २५० ग्रॅम बिनहाडाचं गोश्त पुरतं. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवलं की ते कापायला सोपं जातं. धाग्याला आडवे, नाण्याइतके पातळ काप करायचे. धाग्याच्या दिशेने कापलं तर चावता चावता जबडा दुखतो. कापांना आलं-लसूण, मिरपूड, एक चमचा कच्च्या पपईचा गर आणि एक चमचा कॉर्नफ्लोअर लावून अर्धा तास ठेवायचं. पपई जास्त वेळ राहिली तर गोश्ताचा लगदा होतो.

२०० ग्रॅम साध्या हक्का नूडल्स थोड्या कच्च्या असतानाच उतरवून गार पाण्याखाली धरा. भाज्या मात्र अर्धा किलो हव्यात : गाजर, फरसबी, कोबी, सिमला मिरची, कांद्याची पात.

लोखंडी कढई चांगली तापवून दोन चमचे तेल घाला. गोश्त दोन वेळा थोडंथोडं परता. एकदम टाकलं तर पाणी सुटतं आणि ते उकडल्यासारखं होतं. आतून लाल राहिलं नाही की काढून ठेवा. मग गाजर-फरसबी, त्यानंतर बाकीच्या भाज्या, शेवटी गोश्त आणि नूडल्स. सगळ्यांत मिळून एक मोठा चमचा सोया सॉस आणि थोडं व्हिनेगर. वरून मीठ नाही. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे साधारण अडीच ग्रॅम मीठ.

मांसातलं लोह शरीराला सहज मिळतं, भाज्यांमधलं लोह घ्यायलाही ते मदत करतं. तरी रोज नको, आठवड्यातून एक-दोनदा पुरे.

बहिणीचं हिमोग्लोबिन वाढलं. ते गोळ्यांनी वाढलं असेल, श्रेय मी घेत नाही. पण पातळ काप नूडल्समध्ये मिसळले की बोट्या मोजून वाढता येत नाहीत. अम्मीच्या ताटातही तेवढंच गोश्त येतं. पहिल्यांदा तिने आपले काप उचलून माझ्या ताटात ठेवले. मी ते परत तिच्या ताटात ठेवले. तीन-चार वेळा असं झालं, मग तिने खाल्लं.

आज घरी गेल्यावर आधी ताटांकडे बघा. मग सुरी हातात घ्या. हे मी खास करून मुलांना सांगतोय.