घर स्वस्त, वाट महाग



बचत गटाच्या बैठकीत हल्ली एक विषय वरचेवर निघतो. कुणाची लेक सोलापुरात दिलेली असते, कुणाचा मुलगा तिथे यंत्रमागावर कामाला असतो. शहरात भाडं परवडत नाही, म्हणून गावाबाहेरच्या वसाहतीत घर घ्यायचं चाललेलं असतं. थोडे पैसे कमी पडतात आणि गटाकडून कर्ज मिळेल का, अशी विचारणा होते. म्हणून आज या शहराबाहेरच्या स्वस्त घरांबद्दल बोलू या. तिथे राहणं कसं असतं, काय मिळतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे बघू या.

उदाहरण आपल्या जवळचंच आहे. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना दक्षिण सोलापूर तालुक्यातलं कुंभारी गाव लागतं. तिथे विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरं दिली गेली. वसाहतीला नाव दिलं गोदूताई परुळेकरांचं. ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभं करणाऱ्या त्या गोदूताई. त्यानंतर कुंभारीतच रे नगर आलं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, शिलाई कामगार, बांधकामावरचे मजूर, कचरा वेचणाऱ्या बाया अशा असंघटित कामगारांसाठी ही तीस हजार घरांची योजना. ९ जानेवारी २०१९ ला तिची पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या पंधरा हजार घरांचा ताबा दिला गेला. दोन्ही वेळा पंतप्रधान नरेंद्र मोदी आले होते. या दोन्ही वसाहतींमागे माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, आणि कामगार संघटनांची अनेक वर्षांची खटपट आहे. मोर्च्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या, हे विसरायचं नाही.

आता घर मिळाल्यावर काय बदलतं? आधी चांगलं सांगते, कारण ते लहान नाही. सोलापूरच्या पूर्व भागात गल्लीबोळातल्या एका खोलीत सहा-सात माणसं राहतात. पावसाळ्यात पत्रा गळतो, उन्हाळ्यात तोच पत्रा तापतो. घरमालक कधी खोली सोडायला सांगेल याचा नेम नाही. तिथून उठून स्वतःच्या पक्क्या घरात आलं, की बाईची मान ताठ होते. रे नगरातलं घर तीनशे चौरस फुटांचं, तीन मजली इमारतीतलं. मोठं नाही, पण दाराला कडी आपली, आत संडास आणि मोरी आपली. रात्री अंधारात बाहेर जावं लागत नाही. पोरीबाळी असलेल्या आईला विचारा, या एका गोष्टीचं मोल काय आहे.

दुसरं असं, की प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर द्यायचा नियम आहे. महाराष्ट्रात अशा घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. बाकीचे पैसे घर घेणाऱ्याने घालायचे. त्यासाठी बहुतेकांना कर्ज काढावं लागतं आणि हप्ता सुरू होतो.

इथून पुढे वाटेचा हिशेब सुरू होतो. घर स्वस्त का पडतं? जमीन शहराबाहेर आहे म्हणून. पण काम मात्र शहरातच राहतं. कारखाना, शिलाईचं दुकान, धुण्याभांड्याची घरं, मुलीचं कॉलेज, मोठा दवाखाना, सगळं तिकडे. म्हणजे जमिनीत वाचलेले पैसे रोज थोडे थोडे वाटेवर द्यावे लागतात.

आपण गटातल्या बाया आहोत, वहीत मांडून बघू. समजा, धुणीभांडी करणाऱ्या बाईला शेअर रिक्षाचे जायला वीस आणि यायला वीस रुपये लागतात. दिवसाचे चाळीस. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर एक हजार रुपये. आता वेळ धरा. थांबणं, बसणं, उतरून चालणं मिळून जायला एक तास, यायला एक तास. रोजचे दोन तास, म्हणजे महिन्याचे पन्नास तास. आठ तासांचा दिवस धरला तर सहा दिवसांहून जास्त काम वाटेतच जातं, आणि त्याची मजुरी कुणी देत नाही. म्हणून हप्त्याच्या खाली हे एक हजार रुपये आणि हे सहा दिवसही लिहायचे. मग घर खरं केवढ्याला पडलं ते कळतं.

विडी वळणाऱ्या बाईची गोष्ट थोडी वेगळी. ती घरीच काम करते, मग तिला वाट कसली, असं वाटेल. पण पान आणि तंबाखू आणायला आणि वळलेला माल द्यायला तिला विडीच्या ब्रँचमध्ये जावंच लागतं. ब्रँच जवळ असली तर पायी काम भागतं. लांब असली तर हजार विड्यांच्या मजुरीतूनच रिक्षाचे पैसे जातात. त्यात छाट निघाली की हातात उरतं ते आणखी कमी. शिवाय तीनशे फुटांच्या घरात तंबाखूचं सूप, चूल आणि लेकरू सगळं एकाच हवेत. खिडकी उघडी ठेवणं, तंबाखू झाकून ठेवणं, लेकराला सुपापासून लांब निजवणं, एवढं तरी घर नवीन असल्यापासून अंगवळणी पाडावं.

तिसरी गोष्ट मुलींची. शाळा वसाहतीजवळ असली तर मुलगी शिकते. पण दहावीनंतर कॉलेज शहरात. बस वेळेवर नाही, संध्याकाळी अंधार पडतो, मग घरात चर्चा सुरू होते, की आता पुरे झालं शिक्षण. मुलगी हुशार नाही म्हणून नाही, पाच वाजताची बस नाही म्हणून शिक्षण थांबतं. तिचं शिक्षण तिच्या आईच्या हिशेबात लिहायला हवं की नको?

हे फक्त सोलापुरातच आहे असं नाही. मुंबईत भाडं परवडेना तेव्हा कष्टकरी माणूस असाच विरारला, बदलापूरला गेला. तिथे घर मिळालं, पण पहाटे उठून गाडी पकडायची आणि डब्यात उभ्याने भाजी निवडायची वेळ बायकांवर आली. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली फक्त बायकांसाठी लोकल सुरू झाली. म्हणजे बाईच्या वाटेचा विचार वेगळा करता येतो, हे तेव्हा दिसलं. आपल्याकडे १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचाही मोठा आधार आहे. पण ही सवलत एसटीची, रिक्षाला ती लागू नाही. एसटी थांबतच नसेल तर अर्ध्या तिकिटाचा उपयोग काय?

वसाहतीत आणखी एक गोष्ट नवी असते, ती म्हणजे सामाईक खर्च. गावात आपलं घर, आपलं अंगण. इमारतीत मात्र जिना सगळ्यांचा, पाण्याची टाकी सगळ्यांची, मोटारीचं वीजबिल सगळ्यांचं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, हे तुम्हाला माहीतच आहे. पाणी वर चढवायची मोटार बंद पडली की वरच्या मजल्यावरची बाई हंडे घेऊन जिना चढते. अशा वेळी गटाची सवय कामाला येते. महिन्याची ठरलेली वर्गणी, वहीत नोंद, दर महिन्याला बैठक, हे आपल्याला येतं. तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी बोलणाऱ्या बाया एका जिन्यावर राहायला येतात. ओळख नसते, पण वर्गणीची वही सगळ्यांना समजते.

आणि जिथे बाया जमतात तिथे कामही उभं राहतं. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी लांबवर जाते. वसाहतीतच असं काम निघालं, शिलाईचं केंद्र निघालं, तर वाटेचे ते पन्नास तास वाचतात. म्हणून वसाहतीत घरांबरोबर कामाची जागाही असावी, पाळणाघर असावं, ही मागणी घर मागण्याइतकीच महत्त्वाची आहे.

तर मैत्रिणींनो, गटात कुणी घरासाठी कर्ज मागितलं तर नाही म्हणू नका आणि डोळे झाकून होही म्हणू नका. तिच्याबरोबर दोघीतिघी जा आणि जागा बघा. सुट्टीच्या दिवशी नाही, कामाच्या दिवशी सकाळी आठ वाजता जा आणि संध्याकाळी अंधार पडताना परत या. पहिली आणि शेवटची बस कधी आहे, पाणी किती दिवसांनी येतं, शाळा कुठे, दवाखाना कुठे, हे तिथे राहणाऱ्या बाईलाच विचारा. हप्ता, वाटखर्च आणि सामाईक वर्गणी एका पानावर मांडा. कागदावर बाईचं नाव आहे का ते स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या. आणि राहायला गेल्यावर बस नसेल तर एकटीने रिक्षाचे पैसे मोजत बसू नका. दहा जणींच्या सह्यांचा अर्ज घेऊन आगाराच्या दारात जा, आणि अर्ज मिळाल्याचा शिक्का घेऊनच परत या.

कुंभारीच्या बायांनी घर मागून मिळवलं. घरापासून कामापर्यंतची वाटही तशीच मागावी लागेल. पुढच्या बैठकीत हा हिशेब वहीत मांडून बघा.