नाणेसंग्रहाची सुरुवात

नाणी जमवायला मोठं भांडवल लागत नाही. आज घरात असलेली सुटी नाणी टेबलावर मांडा आणि प्रत्येकाचं साल पाहा. सालाखाली छोटी चौकट दिसली तर ते नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. एकाच सालाची ही चारही नाणी शोधणं हा नवख्यासाठी उत्तम अभ्यास आहे.

मग एक विषय धरा. उदाहरणार्थ, १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे दशमान पद्धत आली. त्या सुरुवातीच्या वर्षांतली ‘नये पैसे’ लिहिलेली नाणी आजही जुन्या डब्यांत सापडतात. आपल्या मातीतली तांब्याची शिवराई तर मला सर्वांत जवळची. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. शिवाजी महाराजांनंतरही शिवराई दीर्घकाळ पाडली गेली, म्हणून अक्षरांच्या वळणांत केवढी विविधता! मात्र शिवकालीन सोन्याचा होन स्वस्तात मिळतोय असं कुणी म्हणालं, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नका.

आणि कृपा करून नाणी चिंचेनं, लिंबानं घासू नका! काळानं चढलेला थर गेला की नाण्याचं मोल कायमचं उतरतं. नाणं कडेनं धरा, कोरड्या जागी ठेवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधनसंस्था आणि संग्रहालय आहे. त्र्यंबकेश्वरला जाताना तिथं जरूर थांबा.