पॉलिश कागदाचे क्रमांक आणि ग्रामीण सुतारकाम



सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील एक मोठे गाव. ज्वारीच्या या मुलखात सुताराचा व्यवसाय पूर्वी नांगर, कुळव, तिफण आणि बैलगाडी यांभोवती फिरत असे. लोखंडी अवजारे व ट्रॅक्टर आले, तसे ते काम घटले. आता दारे, खिडक्या, देवघरे आणि कपाटे यांवर त्याची उपजीविका अवलंबून आहे. नांगराला पॉलिश लागत नसे, दाराला लागते. म्हणूनच रंधा आणि पटाशी यांच्याइतकेच महत्त्व आज पॉलिश कागदाला व घासण्याच्या पॅडला प्राप्त झाले आहे.

या साधनाची एक मोठी अडचण आहे. कागदाच्या पाठीवर त्याचा क्रमांक छापलेला असतो. परंतु कागदाचे चार-सहा तुकडे केले की क्रमांक एखाद्याच तुकड्यावर राहतो. स्पंजाच्या पॅडवरील छपाई हाताच्या घामाने व पाण्याने पुसली जाते. मग खोक्यात उरतात ते निनावी तुकडे. समजा, २२० क्रमांकापर्यंत घासून गुळगुळीत केलेल्या सागवानी दारावर चुकून ८० क्रमांकाचा तुकडा फिरला. त्याचे ओरखडे कोरड्या लाकडावर सहसा चटकन दिसत नाहीत; रंग चढविताच ते काळसर रेघांच्या रूपाने उमटतात. दार पुन्हा मुळापासून घासावे लागते. काम उक्ते घेतलेले असेल, तर वाया गेलेल्या दिवसाची मजुरी सुताराच्याच पदरची जाते आणि गिऱ्हाईकाचा विश्वास उणावतो तो वेगळाच.

क्रमांकाचा अर्थ समजला की निम्मे काम होते. जाड कण चाळणीने निवडले जातात आणि चाळणीच्या एक इंच लांबीत किती छिद्रे आहेत, यावरून ही क्रमांकपद्धती रूढ झाली. छिद्रे अधिक म्हणजे कण बारीक. म्हणून क्रमांक मोठा, तितका कागद मऊ. अतिबारीक कण चाळता येत नाहीत. ते द्रवात किती वेगाने तळाशी बसतात, यावरून त्यांची प्रतवारी ठरते. युरोपीय पद्धतीत क्रमांकाआधी ‘पी’ हे अक्षर असते. पी ८० चा कण सरासरी सुमारे २०० मायक्रॉन, पी १२० चा १२५ आणि पी ४०० चा ३५ मायक्रॉन असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जुन्या अमेरिकी पद्धतीत मात्र ४०० क्रमांकाचा कण सुमारे २३ मायक्रॉनचा, म्हणजे पी ८०० च्या जवळचा असतो. केवळ आकडा पाहून दोन पद्धतींचे कागद एकत्र ठेवणे त्यामुळे धोक्याचे ठरते. रंगावर विसंबणेही तितकेच चुकीचे. पॅडचे रंग प्रत्येक उत्पादक आपापल्या सोयीने ठरवितो.

निनावी तुकडा ओळखावयाचा कसा? क्रमांक निश्चित ठाऊक असलेल्या कागदांचे छोटे तुकडे एका फळीवर क्रमवार चिकटवून नमुनापट्टी तयार करावी. नंतर टाकाऊ लाकडाच्या एकाच फळीवर, शेजारीशेजारी, आधी नमुन्याने व मग निनावी तुकड्याने सारख्याच जोराने घासावे. तिरप्या उजेडात, शक्य तर भिंगातून, दोन्ही ओरखडे ताडून पाहावेत. जाड कागदाचा भेद बोटांना कळतो. बारीक कागदाच्या बाबतीत बोटे फसवितात. तुकडा वापरून झिजलेला असेल तर तो मूळ क्रमांकापेक्षा मऊ भासतो, हेही ध्यानात ठेवावे. शंका उरल्यास तो तुकडा अखेरच्या हातासाठी कदापि वापरू नये.

ओळखण्यापेक्षा खूण करणे सोपे. कागद फाडण्यापूर्वीच त्याच्या पाठीवर, होणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर येईल अशा रीतीने, ‘पी’सह क्रमांक लिहावा. स्पंजाच्या पॅडवर तो कडेला न पुसणाऱ्या शाईने लिहावा. मंद्रूपच्या परिसरात मराठीबरोबर कन्नडही बोलली जाते. तेव्हा अंक वेष्टनावर असतात त्याच पद्धतीचे लिहिणे सोयीचे. ज्या कारागिराला वाचन अवघड जाते त्याच्यासाठी कडेला खाचा पाडाव्यात : ८० ला एक, १२० ला दोन, १८० ला तीन, २४० ला चार. प्रत्येक क्रमांकाचा डबा निराळा असावा; कारण जाड कागदाचा निखळलेला एखादा कण मऊ पॅडमध्ये अडकला, तरी तो गुळगुळीत पृष्ठभाग बिघडवितो. घासताना नाकातोंडावर चांगला मास्क अवश्य असावा. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नमूद केले आहे.

या कामी शिक्षक व पंचायत सदस्य यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. कार्यानुभवाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून नमुनापट्ट्या करवून घेता येतील. चाळणी, कण आणि मायक्रॉन यांचा पाठ त्यातूनच होईल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश असून, प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद त्यात करण्यात आली. अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे सोपविण्यात आली. ही पडताळणी करताना सदस्यांनी सुताराच्या कामाच्या जागी जावे, त्याच्या अडचणी समजून घ्याव्यात आणि तेथे एक नमुनापट्टी टांगली जाईल हे पाहावे.

या पट्टीला खर्च जवळजवळ नाही. परंतु गावच्या सुताराने केलेले दार शहरातील दाराच्या बरोबरीने उभे राहावयाचे असेल, तर हातच्या कौशल्याला अशा अचूकतेची जोड हवी. कागदाच्या पाठीवर लिहिलेला एक आकडा कष्टाचा एक दिवस वाचवितो. कारागिराच्या घरी त्या दिवसाचे मोल फार मोठे असते.