पान, चौकट आणि वाचक
(शताब्दी वर्षानिमित्त सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या मंगल प्रसंगी संगणकाच्या खिडकीविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु लिखित शब्द आणि तो ज्या चौकटीत मांडला जातो ती चौकट यांचे नाते हा ग्रंथव्यवहारातील एक फार जुना प्रश्न आहे. संगणकाने तो नव्या रूपात पुढे आणला, इतकेच.

आपल्याकडील पोथीचा आकार आठवावा. आडवी, लांबट, सुटी पाने. हा आकार ताडपत्राने ठरवून दिला होता. पुढे कागद आला, कागदाला ताडपत्राचे बंधन नव्हते. तरीही पोथी आडवीच राहिली. छापखाने आले तरी धार्मिक ग्रंथ कित्येक वर्षे पोथीच्याच आकारात छापले जात होते. साधन बदलले तरी जुन्या साधनाची चौकट माणसाच्या मनातून लवकर जात नाही, असा याचा अर्थ.

दुसरे उदाहरण 'ज्ञानेश्वरी'चे. खिशात मावणारा गुटका असतो, पारायणाची मोठ्या अक्षरांची प्रत असते, अभ्यासकांसाठी तळटिपांची सार्थ आवृत्तीही असते. अध्याय अठराच, ओव्या त्याच; मात्र प्रत्येक आकारासाठी मुद्रणालयातील जुळाऱ्याला खिळे नव्याने जुळवावे लागत. ओळ कुठे मोडावी, समास किती सोडावा, स्तंभ एक की दोन, हे सारे वाचकाच्या हाती पुस्तक पडण्यापूर्वी कायमचे ठरून जात असे. वाचकाची दृष्टी अधू झाली, तर त्याने दुसरी आवृत्ती शोधावी किंवा भिंग हाती घ्यावे, एवढेच मार्ग होते.

वेबपृष्ठाने या व्यवस्थेत मूलभूत फरक केला. सन १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांचे वर्ल्ड वाइड वेब जगापुढे आले, तेव्हाच्या पृष्ठांना ठरावीक रुंदीच नव्हती. लेखक केवळ 'हे शीर्षक', 'हा परिच्छेद', 'ही यादी' असे सांगून मोकळा होई. ओळी मोडण्याचे काम वाचकासमोरचा ब्राउझर करी. खिडकी रुंद केली की ओळी लांब होत, अरुंद केली की मजकूर खाली सरके. जुळारी जणू वाचकाच्या घरी येऊन बसला होता, आणि वाचनाच्या क्षणी, त्या वाचकापुरती, जुळणी करून देत होता.

हा मोठा लाभ पुढील दहा-पंधरा वर्षांत बऱ्याच अंशी हातचा गेला. मुद्रित पानाची सवय असलेल्या रचनाकारांना चंचल पान सोसवेना. त्यांनी तक्त्यांचा सांगाडा करून पृष्ठे ६०० किंवा ७५० पिक्सेल अशा ठाम रुंदीत बांधली. त्या काळी संगणकाचे पडदे ६४० किंवा ८०० पिक्सेल रुंदीचे असत. पडदे मोठे झाल्यावर ९६० पिक्सेल ही रुंदी रूढ झाली. अमुक मापाच्या पडद्यावरच हे पृष्ठ नीट दिसेल, अशा सूचनाही पृष्ठांवर झळकत. ताडपत्र गेले, पण आडव्या पोथीचा आग्रह उरला, तसाच हा प्रकार. खिडकी त्याहून लहान असली की प्रत्येक ओळ वाचताना पृष्ठ डावीकडे-उजवीकडे सरकवावे लागे. जॉन ऑलसॉप यांनी एप्रिल २००० मध्ये लिहिलेल्या एका लेखात या हट्टाचा प्रतिवाद केला: वेबची लवचीकता हा तिचा दोष मानू नये, तो तिचा स्वभाव आहे.

सन २००७ मध्ये आयफोन आला आणि प्रश्न टाळता येईनासा झाला. त्याच्या पडद्याची उभ्या स्थितीतील रुंदी ३२० पिक्सेल होती. रुंद पृष्ठे दाखविता यावीत म्हणून त्याचा ब्राउझर आपली रुंदी ९८० पिक्सेल आहे असे समजून पृष्ठ मांडी आणि ते सबंध आक्रसून दाखवी. अक्षरे मुंगीएवढी होत. काही संस्थांनी भ्रमणध्वनीसाठी वेगळी संकेतस्थळे काढली. पण एकाच मजकुराच्या दोन प्रती सांभाळणे म्हणजे दुहेरी काम, आणि दोहोंत पाठभेद शिरण्याची धास्तीही.

यावर ईथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये एक उपाय सुचविला. लोकांच्या वावरानुसार स्वतःत बदल करणाऱ्या वास्तूंच्या कल्पनेवरून त्यांनी त्याला 'रिस्पॉन्सिव्ह' हे विशेषण योजले. मराठीत 'प्रतिसादी रचना' म्हणता येईल. तिची अंगे तीन.

पहिले अंग प्रमाणबद्ध मांडणीचे. ९६० पिक्सेलच्या पृष्ठात मुख्य स्तंभ ६०० पिक्सेलचा असेल, तर ६०० भागिले ९६०, म्हणजे ६२.५ टक्के, ही त्याची खरी रुंदी. माप सांगण्याऐवजी प्रमाण सांगितले की खिडकीबरोबर स्तंभही लहानमोठा होतो. येथे नवशिके एक चूक हमखास करतात. टक्केवारी ही त्या घटकाला लगत सामावणाऱ्या चौकटीची असते, संपूर्ण खिडकीची नव्हे. अर्ध्या रुंदीच्या स्तंभात २५ टक्क्यांचे चित्र ठेवले, तर ते खिडकीच्या १२.५ टक्केच जागा घेते. दुसरे अंग चित्रांचे: चित्राने आपल्या चौकटीबाहेर कधी जाऊ नये, एवढाच नियम. तिसरे अंग अटींचे, ज्यांना 'मीडिया क्वेरी' म्हणतात: रुंदी अमुकपेक्षा कमी असेल, तर दोन स्तंभांचा एक करावा, बाजूची यादी खाली न्यावी. याखेरीज पृष्ठाने प्रारंभीच 'यंत्राची खरी रुंदी धरावी' असे सांगणे आवश्यक असते. नाहीतर भ्रमणध्वनी आपली रुंदी मोठी समजून चालतो आणि सारी मेहनत वाया जाते.

पुढील प्रगती याच दिशेने झाली. सन २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत 'ग्रिड' ही सोय आली. ग्रंथालयाच्या तालिकापत्रांवरून ती सहज उमजेल. 'प्रत्येक पत्र किमान २३० पिक्सेल रुंद असावे, दोहोंत १६ पिक्सेल अंतर राखावे, मावतील तितकी एका रांगेत ठेवावीत आणि उरलेली जागा सर्वांनी सारखी वाटून घ्यावी' एवढे सांगितले की पुरे. १००० पिक्सेलच्या खिडकीत चार पत्रे बसतात, ७६८ मध्ये तीन, ५०० मध्ये दोन, ३६० मध्ये एक. एकही वेगळी अट घालावी लागत नाही. सन २०२२-२३ मध्ये आणखी एक पाऊल पडले: घटक आता खिडकीऐवजी आपल्या लगतच्या चौकटीची रुंदी विचारू शकतो. कपाट कोणत्या खोलीत ठेवायचे आहे हे पाहून त्याचे माप ठरवावे, इमारतीची लांबीरुंदी पाहून नव्हे, हे सुताराला पूर्वीपासून ठाऊक आहे. यंत्राला ते कळण्यास अवधी लागला.

मराठी मजकुराच्या बाबतीत काही गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्या लागतात. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात; म्हणून दोन ओळींत रोमन लिपीपेक्षा अधिक अंतर सोडावे लागते. आपल्याकडे सामासिक शब्द लांबलचक. दोन्ही कडा सरळ राखण्याचा आग्रह अरुंद स्तंभात धरला, तर शब्दांत मोठमोठी भगदाडे पडतात. तेथे डावी कडा सरळ ठेवून उजवी मोकळी सोडणे डोळ्यांना सुखाचे.

कवितेचा प्रश्न याहून नाजूक आहे. गद्यातील ओळ जुळारी मोडतो, कवितेतील ओळ कवी मोडतो. गद्य कुठेही मोडले तरी अर्थाला बाध येत नाही. ओवीचा चरण किंवा अभंगाची ओळ भलत्या ठिकाणी तुटली तर लय बिघडते. अरुंद पडद्यावर चरण मावत नसेल, तर उरलेला भाग पुढील ओळीत थोडा आत सरकवून मांडावा, म्हणजे ही नवी ओळ नव्हे, मागील ओळीचेच शेपूट आहे, हे वाचकाला कळते. ही युक्ती मुद्रणात जुनीच आहे.

या साऱ्याचा ग्रंथालयाशी संबंध काय? वेबवरील सुगम्यतेच्या जून २०१८ च्या मानकात एक अट आहे: ३२० पिक्सेलच्या रुंदीतही मजकूर आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे. हा आकडा केवळ लहान भ्रमणध्वनीवरून आलेला नाही. १२८० पिक्सेलच्या खिडकीत एखाद्या वृद्ध वाचकाने अक्षरे चौपट केली, तर पृष्ठाला उपलब्ध रुंदी उरते ती १२८० भागिले चार, म्हणजे ३२०. नातवाचा लहान पडदा आणि आजोबांची मंदावलेली दृष्टी यांची मागणी एकच आहे. एकाची सोय केली की दुसऱ्याची आपोआप होते.

जुनी पुस्तके संगणकावर नेण्याचा विचार आज अनेक ग्रंथालयांत होत असतो. पानांची छायाचित्रे घेतली की काम संपले, असा समज त्यात आढळतो. छायाचित्र आवश्यकच आहे. जीर्ण प्रतीचे मूळ रूप त्यातच जपले जाते. पण छायाचित्रातील अक्षरे ही अक्षरे नव्हेत, ती चित्रे होत. ती पुन्हा जुळवता येत नाहीत. पडदा लहान झाला की सबंध पान लहान होते, आणि मोठे करून पाहिले की ओळ चौकटीबाहेर जाते. म्हणजे ज्या वृद्ध सभासदाला ग्रंथालयाचा जिना चढवत नाही, त्याच्या घरी पुस्तक पोचते, पण वाचता येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करून, मुद्रितशोधकाच्या नजरेखालून गेलेला असेल, तरच तो कोणत्याही चौकटीत वाहू शकतो. हे काम खर्चाचे आणि चिकाटीचे आहे. सारा संग्रह एकदम होणार नाही. परंतु दुर्मिळ आणि वाचकांची मागणी असलेल्या ग्रंथांपासून प्रारंभ करता येतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी ग्रंथालयाला तर याची निकड अधिक, कारण त्याच्या वाचकांची पुढची पिढी गावोगावी आणि देशोदेशी पांगलेली असते.

या मार्गाला मर्यादाही आहेत. नकाशा, वंशवृक्ष, पंचांगातील कोष्टक यांचा अर्थच त्यांच्या लांबीरुंदीत असतो. ते मोडता येत नाहीत, आणि मानकानेही त्यांना सवलत दिली आहे. वाहत्या मजकुराला पृष्ठांक नसतो, मग संदर्भ कसा द्यावा, ही अभ्यासकांची अडचणही रास्त आहे. तिचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे. 'ज्ञानेश्वरी'चा संदर्भ आपण पृष्ठांकाने देत नाही, अध्याय आणि ओवी यांच्या क्रमांकाने देतो. म्हणून गुटका असो वा मोठी प्रत, संदर्भ शोधायला फारशी अडचण पडत नाही. गद्य ग्रंथांतही प्रकरण आणि परिच्छेद यांना क्रमांक दिले की काम भागते.

बांधीव पुस्तकाची थोरवी यामुळे उणावत नाही. एखादा उतारा उजव्या पानावर, वरच्या अंगाला होता, अशी जी स्मृती वाचकाच्या मनात राहते, ती स्थिर पानाचीच देणगी आहे. कपाटातील प्रत आणि पडद्यावरील मजकूर यांनी परस्परांना पूरक व्हावे. शंभर वर्षे या ग्रंथालयाने पुस्तक आणि वाचक यांची गाठ घालून दिली. यापुढे वाचक ज्या चौकटीतून पाहील, त्या चौकटीत त्याला मराठी शब्द सुखाने वाचता यावा, एवढी तजवीज करणे हे त्याच कार्याचे पुढचे पाऊल ठरेल.